अप्रेंटिसला लागू का कॉन्ट्रॅक्टला? एका फिटरच्या वर्षाचा हिशोब

आयटीआयचा निकाल लागला की पोरांच्या घरात एकच वाद सुरू होतो, अप्रेंटिसला (म्हणजे कंपनीत स्टायपेंड, विद्यावेतन घेऊन शिकाऊ उमेदवार म्हणून) जायचं का कॉन्ट्रॅक्टला (ठेकेदाराकडून कामाला), आणि तो वाद बहुतेक वेळा पहिल्या पगाराच्या आकड्यावर मिटतो. जास्त आकडा जिंकतो. म्हणून एक प्रकरण पहिल्यापासून आत्तापर्यंत सलग लिहून काढतोय, पैशाच्या हिशोबासकट, कारण या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते एकतर सरकारी जाहिरातीसारखं गोड असतं नाहीतर "फुकटात राबवून घेतात हो" एवढंच असतं. पोराचं नाव देत नाही, कंपनीचंही नाही. मी स्वतः बरीच वर्षं मेंटेनन्समधे काढलीत आणि आता आयटीआयच्या पोरांना जमेल तसं गाइड करतो, एवढीच माझी ओळख पुरे.

तर पोरगा २०२४ चा पासआउट, सरकारी आयटीआय, फिटर ट्रेड (मशीनचे भाग बसवणं-दुरुस्त करणं), म्हणजे दोन वर्षांचा कोर्स. मार्क बरे. घरी कोरडवाहू शेती, धाकटी बहीण अकरावीला. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले तेव्हा हातात तीन पर्याय होते. पहिला, चाकणमधे एका कॉन्ट्रॅक्टरकडून असेंब्ली लाइन, हातात १४ हजार, ओव्हरटाइम वेगळा. दुसरा, तिथल्याच दुसऱ्या एका मोठ्या प्लांटमधे एक वर्षाची अप्रेंटिसशिप, ९ हजार, कँटीन आणि बस. तिसरा, तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, आयटीआयवाल्याला महिन्याला ८ हजार, घरचं जेवण, घरची झोप.

वडील म्हणाले, "साहेब, दोन वर्षं आयटीआयला घातली, आता परत एक वर्ष शिकायचंच का? मग कमवायचं कधी?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उडवून लावणाऱ्या लोकांचा मला राग येतो. १४ आणि ९ मधला फरक ५ हजार, वर्षाचे ६० हजार, ओव्हरटाइम धरला तर अजून जास्त. ज्या घरात बहिणीची फी दारात उभी आहे तिथे ६० हजार सोडा म्हणणं सोपं नाही. म्हणून मी आधी त्यांना हेच सांगितलं की अप्रेंटिसशिपची किंमत ६० हजार आहे असं धरून चला, आणि त्या ६० हजारात काय मिळणार ते बघू. मिळत नसेल तर सरळ कॉन्ट्रॅक्टला जाऊ दे.

तिसरा पर्याय पटकन बाजूला काढला. ती योजना वेगळी, अप्रेंटिसशिप वेगळी, पण गावाकडे दोन्हीला लोक "ट्रेनिंगला लागला" असंच म्हणतात आणि घोळ होतो. २०२४ ला ती सहा महिन्यांसाठी आली, नंतर मुदत वाढवली, पण फिटरने ऑफिसात बसून काय शिकायचं? फाइली लावायला? ऑफिस असिस्टंट व्हायचं असेल त्याला ठीक आहे.

उरले दोन. आता इथे कागद वाचायला लागतो आणि कोणी वाचत नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत "ट्रेनी" हा शब्द इतक्या अर्थांनी वापरतात की विचारू नका. मधली काही वर्षं एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची नीम नावाची ट्रेनी योजना होती, "नीम ट्रेनी" म्हणून पोरंच्या पोरं लाइनवर उभी असायची, ती आता बंद झाली. पण एजन्सीच्या लेटरहेडवरचं "ट्रेनी म्हणून नेमणूक" वालं पत्र अजून फिरतं, आणि ते अप्रेंटिसशिप कायद्यातलं नसतं. खरी अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते, तिचा करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदवला जातो, त्याला नोंदणी नंबर असतो, आणि पोराच्या लॉगिनला तो दिसतो. नंबर नाही तर अप्रेंटिस नाही, एवढं सोपं.

करारात दुसरी बघायची गोष्ट म्हणजे ट्रेडचा रकाना. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दोन प्रकार झाले, एक सरकारने ठरवून दिलेले ट्रेड, ज्यात फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर वगैरे येतात, आणि दुसरे ऑप्शनल ट्रेड, जे कंपनी स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरवू शकते. फिटर झालेल्या पोराला ऑप्शनलमधे असेंब्ली ऑपरेटर टाइप काहीतरी म्हणून घेतलं तर तेही कायदेशीरच असतं, पण शेवटी सर्टिफिकेटवर फिटर येत नाही. या पोराच्या करारावर फिटर लिहिलेलं होतं, कालावधी एक वर्ष. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तेवढाच लागतो कारण मूलभूत ट्रेनिंग आधीच झालेलं धरतात. मी म्हणलं ठीक, हा कागद चांगला आहे.

पैशाचं पण समजावून सांगितलं. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआयवाल्याला कमीत कमी ७ हजार, कंपनी देत होती ९, म्हणजे कायद्यापेक्षा बरं. यात सरकारचा वाटा असतो, २०१६ ला आलेल्या नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून स्टायपेंडचा २५ टक्के पण जास्तीत जास्त १५०० रुपये, आणि तो आता कंपनीला न जाता थेट पोराच्या खात्यात येतो. पीएफ वगैरे नाही, कारण कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकणारा आहे. हे कलम १८ लोकांना टोचतं, पण त्याच कायद्यात दुसऱ्या बाजूच्या गोष्टी पण आहेत ज्या कोणी सांगत नाही: अप्रेंटिसला नगावर, म्हणजे पीस रेटवर पैसे देता येत नाहीत, प्रॉडक्शन बोनसच्या स्कीममधे ओढता येत नाही, सरकारच्या अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही, आणि काम करताना लागलं-बिगलं तर भरपाई कामगारासारखीच द्यावी लागते. म्हणजे कायद्याचा रोख असा की याच्याकडून माल काढून घ्यायचा नाही, याला शिकवायचं. आता प्लांटमधे काय होतं ते पुढे येतंच.

वडिलांनी शेवटी हो म्हणलं, थोडं नाराजीनेच. पोरगा कॉट बेसिसवर रूम घेऊन राहिला आणि जॉइन झाला.

पहिल्याच महिन्यात फोन. "सर, साडेसातच जमा झाले." मला वाटलंच होतं. कंपनीने तिचा हिस्सा टाकला होता, सरकारचे १५०० आले नव्हते, कारण बँक खातं आधारला सीड, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलेलं, नव्हतं. केवायसी झालेली होती पण केवायसी म्हणजे सीडिंग नव्हे, हा फरक बँकेतल्या काउंटरवरच्या माणसाला पण कधीकधी नीट सांगता येत नाही. दोन चकरा मारून काम झालं आणि पैसे पुढे उशिराने आले. बॅचमधली चार पोरं मात्र कंपनीने पैसे खाल्ले असं समजून एचआरशी भांडून आली होती.

पैशाचं मिटलं, खरी भानगड पुढे. त्याला टाकलं पॅकिंगला. बॉक्स लावायचे, स्ट्रॅप मारायची, लेबल चिकटवायचं, पॅलेट ओढायचं. पहिला आठवडा म्हणलं ओळख करून देत असतील, मग पंधरा दिवस, मग महिना, आणि दुसऱ्या महिन्यात पण तेच. शेजारी कॉन्ट्रॅक्टची पोरं अगदी तेच काम करून जास्त पैसे घेत होती आणि याला चिडवत होती, ते वेगळंच. त्याचं म्हणणं होतं सोडून देतो, मित्र कॉन्ट्रॅक्टला बोलावतोय.

या ठिकाणी बहुतेक प्रकरणं संपतात. पोरगं सोडतं, घरचे म्हणतात बघा सांगितलं होतं, आणि कंपनी पुढच्या पोराला पॅकिंगला उभं करते. कंपनीच्या बाजूने पण बघा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. नाही घेतले तर दंड, पण तो दर महिन्याला कमी पडलेल्या माणशी पहिले तीन महिने ५०० आणि नंतर १००० रुपये, म्हणजे मोठ्या प्लांटला काहीच नाही. त्यामुळे दंडाच्या भीतीने कोणी अप्रेंटिस घेत नाही, घेतात ते दोन कारणांनी, एकतर त्यांना खरंच पुढची माणसं तयार करायची असतात किंवा लाइनवर स्वस्तात हात हवे असतात. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही कारणं एकाच प्लांटमधे दोन वेगळ्या डिपार्टमेंटला असू शकतात. ट्रेनिंगवाल्यांना पोरं शिकवायची असतात, प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला आजचं डिस्पॅच काढायचं असतं. ज्याच्या ताब्यात पोरगा सापडला त्याचं खरं.

मी त्याला म्हणलं भांडू नको, सोडू पण नको, डायरी लिही. अप्रेंटिसने रोजच्या कामाची नोंद ठेवायची असते, बहुतेक पोरं ती शेवटच्या महिन्यात बसून एकमेकांची कॉपी करून भरतात, "फाइलिंग केले, ड्रिलिंग केले" असं छापील. म्हणलं तू खरं लिही. आज काय केलं, पॅकिंग. उद्या काय केलं, पॅकिंग. रोज तारीख टाक आणि सुपरवायझरची सही घे, तो न बघताच सही करतो. पोराला आधी ते पटलं नाही, म्हणाला याने काय होणार.

होतं. डायरीची बरीच पानं भरल्यावर तो ती घेऊन ट्रेनिंग डिपार्टमेंटच्या साहेबांकडे गेला. एचआरकडे नाही, हे मुद्दाम, कारण एचआरला तक्रार दिसते आणि ट्रेनिंगवाल्याला स्वतःची अडचण दिसते. तक्रार केलीच नाही. फक्त विचारलं, "सर, फिटरच्या परीक्षेला प्रॅक्टिकल काय येतं? माझी अजून सुरुवातच झाली नाहीये." आणि डायरी पुढे ठेवली. फिटर म्हणून नोंदवलेल्या पोराच्या डायरीत सहीनिशी नुसतं पॅकिंग, हे तपासणीला कोणी आलं तर दाखवायचं कसं? कायद्यात कलम २० आहे, करारावरून वाद झाला तर अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरकडे जाता येतं, जिल्ह्याच्या आयटीआयला जोडून बीटीआरआय हे अप्रेंटिसच्या ट्रेनिंगचं केंद्र असतं तिथे विचारायचं. पण ते शेवटचं शस्त्र, मी त्याला माहिती देऊन ठेवली आणि म्हणलं याचा उच्चार पण करू नको. करायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला मेंटेनन्सला टाकलं.

त्याच्याबरोबर पॅकिंगला असलेल्या दुसऱ्या दोन पोरांना मात्र नाही काढलं. त्यांनी मागितलं नाही म्हणून का आणखी कशामुळे, सांगता येत नाही, पण ते वर्षभर बहुतेक तिथेच राहिले. करार तोच, स्टायपेंड तोच, कंपनी तीच.

मेंटेनन्सला गेल्यावर जे झालं ते त्याच्याच तोंडून ऐकायला मजा येते. पहिले काही दिवस तिथला जुना फिटर त्याला हात लावू देत नव्हता, नुसती बॅटरी धरायला लावायचा, स्पॅनर दे, कॉटन वेस्ट आण. मग एकदा सेकंड शिफ्टला एका हायड्रॉलिक प्रेसचा सिलेंडर गळायला लागला, माणूस कमी, आणि याला म्हणाले ये. सील बदलायचं म्हणजे पुस्तकात एक ओळ असते. प्रत्यक्षात आधी पॉवर बंद, लॉक-टॅग (कोणी चुकून चालू करू नये म्हणून कुलूप आणि पाटी), प्रेशर सोडायचं, गेज शून्यावर आला तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही कारण लाइनमधे प्रेशर अडकलेलं असू शकतं, मग सिलेंडर उतरवायचा, रॉडवर ओरखडा आहे का बघायचं, आणि ओरखडा असेल तर नवीन सील टाकून काही उपयोग नाही, आठवड्यात परत गळणार. आयटीआयला त्याने सील बघितलं होतं. सील का गेलं हे बघणं तो इथे शिकला. नंतर बेअरिंग पुलरने काढणं, कपलिंगचं अलाइनमेंट डायल गेज लावून करणं, आवाजावरून मोटरचं बेअरिंग का पंपाचं ते सांगणं. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची, म्हणजे बिघाडाआधीच्या तपासणीची चेकलिस्ट भरताना त्याने एकदा एका कन्व्हेयरच्या गिअर बॉक्सचं तेल काळं पडलंय असं लिहिलं आणि ते खरंच बदलायला आलेलं निघालं, तेव्हापासून जुन्या फिटरने त्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली, आधी नुसतं "ए अप्रेंटिस" होतं. माझ्या मते त्या ६० हजारांतला मोठा वाटा इथे वसूल झाला. ब्रेकडाउनच्या वेळी मशीन उभी असताना आणि मागे मॅनेजर उभा असताना हात चालवायचा सराव कुठल्याही क्लासमधे विकत मिळत नाही.

मधे मे २०२५ ला केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने स्टायपेंड ३६ टक्के वाढवायची शिफारस केली, पाच ते नऊ हजारांचे टप्पे ६,८०० ते १२,३०० करायचे अशी. व्हॉट्सअपवर लगेच "स्टायपेंड वाढला" फिरलं आणि पोरं पगाराची वाट बघत बसली. शिफारस म्हणजे वाढ नव्हे, नोटिफिकेशन निघाल्याशिवाय कंपनी एक रुपया जास्त देत नाही, हे तेव्हा सगळ्यांना एकेकट्याला समजावून सांगायला लागलं.

वर्ष संपत आलं तसा खरा विषय निघाला, परमनंट करतील का? पोरापेक्षा वडिलांना जास्त आशा. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं की कलम २२ प्रमाणे कंपनीवर नोकरी द्यायचं बंधन नाही, २०१४ पासून फक्त एवढंच आहे की भरतीचं स्वतःचं धोरण कंपनीने ठरवावं. तरी कोणीतरी त्यांना सांगितलं की सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, अप्रेंटिसला घ्यावंच लागतं. निकाल आहे, १९९५ चा, उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाचा, पण त्यात म्हणलंय की इतर सगळं समान असेल तर थेट भरतीवाल्यापेक्षा ट्रेनिंग झालेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं, एम्प्लॉयमेंट एक्सचेंजकडून नाव येण्याची अट नको, वयाची अडचण आली तर सूट द्यावी. प्राधान्य म्हणजे नोकरी नव्हे, आणि ते प्रकरण सरकारी महामंडळाचं होतं, खासगी प्लांटच्या गेटवर तो कागद दाखवून कोणी आत घेत नाही. तसंच रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत अप्रेंटिसना २० टक्के जागा राखीव असतात हे पण खरं, पण त्या रेल्वेच्याच आस्थापनेत अप्रेंटिस केलेल्यांना. याने केलं खासगी प्लांटमधे. रेल्वेचा फॉर्म तो आयटीआयच्या जोरावर भरू शकतो, कोट्याच्या जोरावर नाही. रेल्वेचंच ध्येय असेल तर अप्रेंटिसला अर्ज करतानाच वर्कशॉप निवडायला हवं होतं, आणि याचं ते नव्हतं.

बॅचमधल्या एकालाही परमनंट केलं नाही. काहींना विचारलं, कॉन्ट्रॅक्टरकडून परत इथेच येता का. पॅकिंगवाले दोघे त्यावर गेले. म्हणजे वर्षभर कमी पैशात जे केलं तेच आता जास्त पैशात, आणि त्यासाठी ते एक वर्ष घालवायची गरजच नव्हती. त्यांच्यासाठी अप्रेंटिसशिप तोट्याची ठरली, हे स्पष्ट लिहितोय, कारण यशाच्या गोष्टी सांगणारे अशा पोरांना मोजत नाहीत.

कॉन्ट्रॅक्टला गेलेल्या मित्राचं काय झालं हे पण हिशोबात धरायला हवं. त्याने पैसे जास्त मिळवले, घरी टीव्ही आला, गाडीचा हप्ता सुरू झाला. सात महिन्यांनी ब्रेक मिळाला, म्हणजे काम थांबवलं, मग दीड-दोन महिने घरी, मग दुसऱ्या कंपनीत परत लाइनवर. ब्रेक धरूनही वर्षाच्या शेवटी त्याच्या हातात आपल्या पोरापेक्षा जास्तच पैसे पडले होते. फक्त दुसऱ्या ठिकाणी लागताना त्याचा पगार पहिल्यासारखाच १४ ला सुरू झाला, कारण लाइनवर जे येत होतं ते नवीन माणसाला पण आठ दिवसात येतं.

आपल्या पोराने परीक्षा दिली, पास झाला, नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळालं. त्या सर्टिफिकेटवर पुढे इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर सीआयटीएसच्या कोर्सला पण जाता येतं, पण त्याला पोरं शिकवण्यात रस नाही. ज्या प्लांटमधे होता तिथल्या जुन्या फिटरने एका व्हेंडरकडे शब्द टाकला, छोटा प्रेस शॉप आहे. मुलाखतीत सर्टिफिकेट कोणी बघितलं नाही, एक पंप समोर ठेवला आणि म्हणाले उघड. मेंटेनन्स फिटर म्हणून १७ हजारांवर लागला. १४ धरले तर महिन्याला ३ हजार वर, म्हणजे ते ६० हजार भरून यायला वीस महिने. झटपट फायदा नाहीच हा.

माझा त्याच्याशी मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि ज्याने मशीन उघडून बघितलंय त्याला मेकॅनिकल डिप्लोमा बाकीच्यांपेक्षा लवकर समजतो. फिटर म्हणून तो अजून दहा वर्षं फिटरच राहील, इंजिनिअरच्या खुर्चीकडे जायचं तर डिप्लोमा लागेल, आणि वय आत्ताच आहे. त्याचं म्हणणं, बहीण बारावीला आहे, तिचं होऊ दे, मग बघू. वडील अर्थातच त्याच्या बाजूने. त्यात अप्रेंटिसच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आधारप्रमाणे आलंय आणि दहावीच्या मार्कशीटवर वेगळं आहे, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज टाकलाय, आणि दुरुस्ती होईपर्यंत डिप्लोमाचं बघायला नको असं त्याने परस्पर ठरवून टाकलंय. मी कालच परत सांगितलं की थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आयटीआयच्या मार्कांवर होतो, अप्रेंटिसच्या सर्टिफिकेटचा तिथे काही संबंध नाही, फॉर्म सुटले की भरून तर ठेव. म्हणाला, "सर, फर्स्ट शिफ्ट लागली की बघतो."